न केलेल्या गोष्टींचा तास

आमच्या शाळेत शुक्रवारी मधल्या सुट्टीनंतर तिसरीचा वर्ग दोन खोल्यांत वाटला जातो. कॅथलिक मुलं धर्मशिक्षणासाठी सिस्टरांकडे जातात, बाकीची नीतिशिक्षणासाठी माझ्याकडे येतात. शाळा मालाडची, मार्वे रस्त्याच्या बाजूची, मराठी माध्यमाची आणि अनुदानित. कॅथलिक मुलांमध्ये ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईकडच्या मूळ ख्रिस्ती, घरांतली आणि मनोरीहून फेरीबोटीने येणारी कोळ्यांची मुलं बरीच. माझ्या खोलीत मालवणीतली हिंदू, बौद्ध, मुसलमान मुलं. आधीच्या बाई निवृत्त झाल्या आणि २०२४ च्या जूनमध्ये हा तास माझ्या वेळापत्रकात आला. मी लालबागची, वारकरी घरातली. तोवरची माझी नोकरी गणित आणि परिसर अभ्यास शिकवण्यात गेली होती.

मुख्याध्यापिका सिस्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "टीचर, गणिताचा राहिलेला भाग या तासाला घ्यायचा नाही." हे सांगावं लागतं, कारण राहिलेला अभ्यासक्रम उरकण्यासाठी ज्या तासांवर सर्रास डल्ला मारला जातो त्यांत हा तास पहिला.

जूनच्या पालकसभेत मालवणीतल्या एका वडिलांनी सरळ प्रश्न विचारला. मूळचे श्रीवर्धनचे कोकणी मुसलमान, मराठी आमच्यापेक्षा ठसठशीत. "माझ्या मुलीला तुमची प्रार्थना म्हणायला लावणार का?" मुख्याध्यापिकांनी संमतिपत्र दाखवलं आणि त्यामागचं कारणही सांगितलं. अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क घटनेच्या ३० व्या अनुच्छेदाने दिला आहे. पण २८ वा अनुच्छेद असंही सांगतो की, सरकारी मान्यता किंवा मदत असलेल्या शाळेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि मूल अज्ञान असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. सकाळच्या परिपाठात राष्ट्रगीत आणि प्रतिज्ञा सगळ्यांची असते. त्यानंतरच्या प्रार्थनेला कॅथलिक मुलं क्रुसाची खूण करतात, बाकीची शांत उभी राहतात. वडिलांचं समाधान झालं. गंमत म्हणजे त्याच सभेत एका हिंदू आईने उलटी मागणी केली. तिच्या मुलीची जिवलग मैत्रीण सिस्टरांच्या तासाला बसते, तर हिलाही तिकडेच बसू द्या. मुख्याध्यापिकांनी तिला समजावलं की तिकडे तिसरीची मुलं एका संस्काराची तयारी करतात. ती फक्त गोष्ट सांगायची खोली नाही. मैत्रीण तिला मधल्या सुट्टीत भेटेलच.

त्या दिवशी मला त्यांचं म्हणणं नीट कळलं नव्हतं. तयारी कसली, आणि त्याला वर्षभर कशाला लागतं?

माझ्या तासाला एक पुस्तक होतं. शासनाच्या मूल्यशिक्षणातली मूल्यं आम्हा शिक्षकांना तोंडपाठ असतात: श्रमप्रतिष्ठा, वक्तशीरपणा, सौजन्यशीलता, संवेदनशीलता, सर्वधर्मसहिष्णुता वगैरे. पुस्तकातल्या गोष्टी त्याच वळणाच्या. रस्त्यात पाकीट सापडतं, मुलगा ते परत करतो, त्याला शाबासकी मिळते. मी विचारायची, "तुम्हाला पाकीट सापडलं तर काय कराल?" सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, "परत करू!" खोटं बोलावं का? "नाही!" कचरा कुठे टाकावा? "कचरापेटीत!" आठ वर्षांच्या मुलाला मोठ्यांना काय ऐकायला आवडतं हे पक्कं ठाऊक असतं. उत्तरं सगळी बरोबर यायची, आणि शाळा सुटताना त्याच मुलांतली काही जणं एका बुटक्या मुलाचं दप्तर जिन्यावरून खाली फेकत असायची. या तासाचा त्या जिन्याशी काहीही संबंध लागत नव्हता, आणि हे मला फार लागलं.

मग डी.एड.ला शिकलेलं एक आठवलं. झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलांच्या नैतिक निर्णयांचा अभ्यास १९३२ साली प्रसिद्ध केला. त्यात दोन मुलांची एक जोडगोष्ट आहे. ती मी आपल्या घरातली करून सांगितली. एक मुलगी आईने हाक मारली म्हणून दार ढकलून आत येते. दारामागे ट्रे आहे हे तिला माहीत नसतं आणि पंधरा कप फुटतात. दुसरा मुलगा आई घरात नाही असं बघून चिवड्याचा डबा काढायला ओट्यावर चढतो आणि एक कप फोडतो. जास्त चूक कोणाची?

पहिल्यांदाच वर्ग एका सुरात बोलला नाही. जवळजवळ अर्धी मुलं पंधरा कपवालीच्या विरोधात. एक मुलगा उभा राहून म्हणाला, "पंधरा म्हणजे पंधरा, टीचर. पैसे कोण भरणार?" दुसऱ्या बाजूने एक मुलगी तावातावाने सांगायला लागली की तिला दिसलंच नाही तर तिची चूक कशी? घंटा झाली तरी भांडण चालू. पियाजेचं निरीक्षण असंच होतं: लहान मूल नुकसानीचा आकडा बघतं, थोडं मोठं झालं की हेतू बघायला लागतं. आणि माझी तिसरी बरोबर त्या उंबरठ्यावर उभी होती.

हे मी स्टाफरूममध्ये धर्मशिक्षण घेणाऱ्या सिस्टरांना सांगितलं. त्या पन्नाशीच्या, वसईकडच्या, बोलायला अगदी मोकळ्या. म्हणाल्या, "आमच्याकडे वयाचा हा प्रश्न फार जुना आहे." एकेकाळी मुलांना पहिला ख्रिस्तप्रसाद, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत मिळणारी पवित्र भाकर, घ्यायला दहा-बारा, काही ठिकाणी त्याहूनही जास्त वर्षांचं व्हावं लागे. १९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी आदेश काढला की, साधारण सातव्या वर्षी मुलाला बरंवाईट कळू लागतं, तेव्हा त्याला ताटकळत ठेवू नका. साधी भाकर आणि ख्रिस्तप्रसाद यांतला फरक त्याला त्याच्या कुवतीप्रमाणे कळला की पुरे. पण ख्रिस्तप्रसादाच्या आधी पहिलं पापनिवेदन, म्हणजे फादरांपाशी आपल्या चुकांची कबुली, व्हायला हवं, आणि त्यासाठी आपली चूक कुठली आणि चूक नव्हे ते कुठलं, हे मुलाला ओळखता यायला हवं. गंभीर पाप ठरायला तीन गोष्टी लागतात, हेही त्यांनी सांगितलं: बाब गंभीर हवी, ती तशी आहे याची पूर्ण जाणीव हवी आणि मनाची पूर्ण संमती हवी. "म्हणजे तुमच्या पंधरा कपांचं पाप होत नाही," त्या हसून म्हणाल्या.

मी त्यांच्या वर्गात बसायची परवानगी मागितली. दुसऱ्या तुकडीचा धर्मशिक्षणाचा तास बुधवारी असे आणि तेव्हा मी मोकळी असे. मुख्याध्यापिकांनी हो म्हटलं आणि मी शेवटच्या बाकावर बसू लागले.

नमो मरिये, दहा आज्ञा, सात संस्कार, हे पाठांतर होतंच. मुलं ते तालासुरात म्हणायची. माझं लक्ष वेधलं ते पापनिवेदनाच्या तयारीने. सिस्टर मुलांना पायऱ्या शिकवत होत्या. आधी शांत बसून आपला दिवस आठवायचा. मग जे चुकलं त्याचं वाईट वाटू द्यायचं. पुन्हा करणार नाही असं ठरवायचं. मग फादरांना सांगायचं. आणि फादर जे प्रायश्चित्त देतील ते करायचं. कोणाचं काही घेतलं असेल तर नुसतं सॉरी चालणार नाही, ते परत करायचं. मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, सुरुवातीला सगळे मिळून एक कबुली म्हणतात. तिच्यात पापाचे चार मार्ग येतात: विचाराने, शब्दाने, कृतीने, आणि जे करायला हवं होतं ते न केल्याने. सिस्टर त्या चौथ्यापाशी थांबल्या आणि त्यांनी चांगल्या शोमरोन्याची गोष्ट काढली. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटसरूला लुटारू मारतात, अर्धमेला करून टाकून जातात. त्याच वाटेने एक याजक, म्हणजे पुरोहित, येतो, त्याला बघून दुसऱ्या बाजूने निघून जातो. मग एक लेवी, म्हणजे मंदिराचा सेवक, येतो, तोही तसाच जातो. थांबतो तो तिसरा, ज्याच्या जमातीशी यहुद्यांचं वाकडं.

सिस्टरांनी विचारलं, "याजकाने त्या माणसाला मारलं का?"

"नाही."

"लुटलं का?"

"नाही."

"मग त्याने काय केलं?"

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मनोरीची एक मुलगी म्हणाली, "कायच नाय केला."

"हां," सिस्टर म्हणाल्या, "आता ते वहीत लिहा."

मी माझं पुस्तक त्या संध्याकाळी पहिल्या पानापासून चाळलं. चोरी, खोटेपणा, भांडण, आळस, कचरा: सगळ्या केलेल्या गोष्टी. न केलेल्या गोष्टीवर एकही पाठ नाही. आणि जिन्यावरून दप्तर फेकणारी मुलं चार असतील, तर ते बघत उभी राहणारी चाळीस होती. पुस्तकाप्रमाणे त्या चाळिसांनी काहीच चुकीचं केलेलं नव्हतं.

आता यातलं माझ्या खोलीत काय न्यायचं आणि काय नाही, यावर मी खूप विचार केला. पापनिवेदन हा त्यांचा संस्कार आहे. तिथे क्षमा देवाची असते आणि ती फादरांच्या तोंडून मिळते. ते माझं नाही, आणि माझ्या मुलांचंही नाही. पण शांत बसणं, आठवणं आणि भरपाई करणं? सिस्टर म्हणाल्या की रोज दिवसाची अशी उजळणी करायची पद्धत सोळाव्या शतकात संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या येशूसंघातल्या सोबत्यांना घालून दिली. मग त्यांनी एक गोष्ट निक्षून सांगितली. "मुलांना शांत बसवा, विचार करायला लावा. पण त्यांच्याकडून कबुली काढून घेऊ नका. फादरांना ऐकलेलं कधीच, कोणालाही सांगता येत नाही, प्राण गेला तरी. म्हणून मूल तिथे बोलू शकतं. चाळीस मुलांच्या वर्गात तुम्ही ती हमी कशी देणार?"

हा सल्ला मला त्या वर्षात सर्वांत मोलाचा ठरला. हौसेच्या भरात वर्गासमोर मुलांना आपल्या चुका सांगायला लावणारे शिक्षक मी पाहिले आहेत. त्यात मूल एक तर खोटं सांगायला शिकतं, नाही तर आयुष्यभर लाजतं.

गणपतीची सुट्टी संपली आणि आम्ही सुरुवात केली. तासाच्या सुरुवातीला तीन मिनिटं डोळे मिटून बसायचं, हात बाकावर. मी एकच प्रश्न विचारायची: या आठवड्यात तुम्हाला काय करता आलं असतं, जे करायचं राहून गेलं? उत्तर कोणी मोठ्याने द्यायचं नाही. लिहायचं असेल तर वहीच्या शेवटच्या पानावर लिहायचं, आणि ते पान मी बघणार नाही. मी एकदाही बघितलं नाही. मग पुढचा प्रश्न: अजून करता येईल का? येत असेल तर सोमवारपर्यंत करा.

पहिले काही शुक्रवार नुसती चुळबुळ आणि खुसखुस. एका मुलाला तर झोपच लागायची. पण दिवाळीनंतर बारीकसारीक हालचाली दिसू लागल्या. वर्गात नवीन आलेला, अडखळत बोलणारा एक मुलगा डबा एकटाच खायचा. एका सोमवारी दोन मुली आपले डबे उचलून त्याच्या बाकावर जाऊन बसल्या. काही बोलल्या नाहीत, नुसत्या बसल्या. एकाने महिन्यापूर्वी घेतलेली पट्टी परत केली, तीही मोडकी, सोबत नवीन पेन्सिल देऊन. मी वर्गात यातल्या कशाचंही कौतुक केलं नाही. कौतुक केलं असतं तर पुढच्या शुक्रवारी सगळ्यांनीच पेन्सिली वाटल्या असत्या.

डिसेंबरात मात्र एक अवघड प्रसंग आला. तास संपल्यावर एक मुलगा टेबलाशी घुटमळत राहिला. सगळे गेल्यावर म्हणाला, "टीचर, माझं राहिलंय ते मला करता येत नाही." वरच्या वर्गातला एक दांडगा मुलगा पहिलीतल्या एका पोराकडून रोज जिन्याखाली खाऊचे पैसे काढून घेतो, हे त्याने बरेच दिवस पाहिलं होतं. सांगितलं तर आपल्यालाही मार बसेल, म्हणून गप्प होता. आणि माझ्या शुक्रवारच्या प्रश्नाने त्याची झोप उडवली होती. आठ वर्षांचं पोर ते, रडत होतं.

मी त्याला जवळ बसवलं. त्याला सांगितलं की तू आत्ता मला सांगितलंस, तुझं जे होतं ते झालं. इथून पुढचं काम माझं. पैसे काढणं त्याच दिवशी थांबलं. मुख्याध्यापिकांनी दोन्हीकडच्या पालकांना बोलावलं आणि मोठ्या मुलाशीही नीट बोलल्या. तोही घरी मार खाणारा निघाला. पण मला टोचत राहिलं ते वेगळंच. मी सिस्टरांपाशी ते मांडलं. त्या म्हणाल्या, "तीन गोष्टी आठवा. पूर्ण संमती. भीतीने गप्प राहिलेल्या मुलाची संमती पूर्ण कशी असेल? भीतीने दोष कमी होतो, हे आम्ही मुलांना शिकवतोच. तुमच्या प्रश्नात ते घाला." तेव्हापासून मी प्रश्नाला एक वाक्य जोडलं: जे एकट्याने करायला भीती वाटते ते तुमच्या एकट्याचं काम नाही, ते मोठ्या माणसाला येऊन सांगा. मुलांवर ओझं टाकणाऱ्या नीतिशिक्षणाबद्दल मला आता मनापासून राग आहे. जिन्याखाली लक्ष ठेवणं हे तिसरीतल्या मुलाच्या आधी आम्हा शिक्षकांचं काम होतं, आणि आता मधल्या सुट्टीत तिथे आमच्यापैकी कोणीतरी उभं असतं.

त्याच सुमारास एका पालकांची तक्रारही आली. डोळे मिटवून बसवतात, म्हणजे गुपचूप ख्रिस्ती प्रार्थना करून घेतात. मी त्यांना शुक्रवारी वर्गात येऊन बसा म्हटलं. ते आले, मागे बसले, त्यांनीही डोळे मिटले. जाताना फक्त "ठीक आहे बाई" म्हणाले. त्यांची शंका मला गैर वाटली नाही. आपलं मूल दुसऱ्याच्या धर्माच्या शाळेत पाठवणाऱ्याने विचारायलाच हवं, आणि शाळेने दार उघडं ठेवायलाच हवं.

नाताळानंतर सिस्टरांच्या मुलांचं पहिलं पापनिवेदन झालं आणि जानेवारीतल्या एका रविवारी चर्चमध्ये पहिला ख्रिस्तप्रसाद. मला बोलावणं होतं. पांढरे फ्रॉक, पांढरे शर्ट, हातात मेणबत्त्या. कोळ्यांच्या आज्या ठेवणीतल्या लुगड्यांत आणि अंगभर सोन्यात आलेल्या. मी मागे बसले होते. ख्रिस्तप्रसादाची रांग लागली तेव्हा जागेवरच थांबले, तशीच रीत आहे. बुधवारी मी ज्यांच्या मागे बसायचे ती मुलं एकेक करून पुढे जात होती, आणि त्यासाठी वर्षभर कशाला लागतं हे मला कोणी समजावून सांगायची गरज उरली नव्हती.

मार्चमध्ये पंचांगानेच आमचं काम सोपं केलं. २०२५ ची महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला, रमजानचा पहिला रोजा २ मार्चला आणि राखेचा बुधवार, म्हणजे लेंट या ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपासकाळाचा पहिला दिवस, ५ मार्चला. एका आठवड्यात माझ्या शाळेतली जवळजवळ सगळी घरं कुठला ना कुठला उपास धरून होती. सिस्टर आणि मी त्या शुक्रवारी दोन्ही खोल्या एकत्र केल्या. धर्मशिक्षण नाही, प्रार्थना नाही. फक्त ज्याने त्याने सांगायचं, आपल्या घरी उपास कसा करतात. श्रीवर्धनच्या त्या वडिलांची मुलगी सहरीला पहाटे उठल्याचं सांगत होती. तिने हट्टाने अर्धा रोजा धरला होता. मनोरीच्या मुलीने लेंटमध्ये सोडलेल्या चॉकलेटचे पैसे कागदी डब्यात साठवून गरिबांसाठी देतात, ते सांगितलं. माझ्या खोलीतली एकजण म्हणाली, आमच्याकडे शिवरात्रीला साबुदाण्याची खिचडी, रताळी, वरी आणि शेंगदाण्याचे लाडू असतात. त्यावर मागून कोणीतरी ओरडलं, "मग उपास कसला?" सगळे हसले, तीही हसली. बौद्ध घरातला एक मुलगा म्हणाला, आमच्याकडे आजी वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यात, अष्टशील हे आठ नियम धरते, ती दुपारनंतर जेवत नाही. हे सिस्टरांनाही नवीन होतं. त्यांनी त्याला दोनदा विचारून घेतलं.

उपास करताना जे वाचतं ते कोणाला द्यायचं, या प्रश्नावर मात्र चारही घरांची मुलं पुन्हा एका सुरात बोलली नाहीत, वाद घालत राहिली. नातेवाइकांना आधी की अनोळखी गरिबाला? रमजानमधलं जकातीचं दान कोणाला चालतं? मला तो वाद सर्वांत आवडला.

एप्रिलमध्ये प्रगतिपुस्तकाच्या वर्णनात्मक नोंदी लिहायला बसले. नीतिशिक्षणापुढे सहसा ठरलेली वाक्यं लिहितात: आपण होऊन मदत करते, वडीलधाऱ्यांचा आदर करतो. ती मी लिहिली नाहीत. प्रत्येक मुलाचं वर्षभरात जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच एका ओळीत लिहिलं. कोणाचं काहीच पाहिलं नव्हतं, तिथे "शांत बसायला शिकला" एवढंच लिहिलं, आणि झोपणाऱ्या मुलाच्या बाबतीत ते खरंही होतं.

मे महिन्यात सिस्टरांची बदली झाली. त्यांच्या संघात अशा बदल्या होतच असतात. जूनमध्ये नव्या सिस्टर आल्या. तरुण आहेत, गोव्याच्या. माझ्याकडे तीच मुलं चौथीत आली आहेत, आणि यावर्षी महिन्यातून एक शुक्रवार दोन्ही खोल्या एकत्र करायचं आम्ही वेळापत्रकातच लिहून घेतलं आहे. पहिल्या एकत्र तासाला काय घ्यायचं ते अजून ठरत नाही. त्यांना शोमरोन्याची गोष्ट घ्यायची आहे. माझं म्हणणं आहे की ती आपण सांगू नये. मनोरीच्या त्या मुलीला माझ्या मुलांना सांगू द्यावी.